पुष्पाबाईचा उजवा हात

बैल समोर उभा होता आणि मी वाकलो नाही. "तुझं एवढंच चुकलं, सुकदेव, मनाला लावून घेऊ नको," असं लोक मला समजावतात. एवढंच म्हणजे किती, ते मी सांगतो.

सातपुड्याच्या पायथ्याला, यावल तालुक्यातल्या एका गुरांच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं ड्रेसर होतो. डॉक्टर येत गेले, बदलून जात राहिले, मी तिथंच. त्यामुळे डॉक्टरपेक्षा सुकदेवला जास्त कळतं असं गावात बोललं जायचं. मी वरवर नाही नाही म्हणायचो आणि आतून फुगायचो. तापट म्हणूनही माझं नाव आहे. गुरावर मी कधी हात उगारला नाही, माणसांना मात्र तोंडाने सोडलं नाही.

पण ही हकिगत पुष्पाबाईची आहे. तिचं माहेर धुळ्याकडचं, साक्रीच्या बाजूचं. लग्न होऊन आमच्या केळीच्या मुलखात आली त्याला तीस वर्षं झाली, तरी तिची अहिराणी सुटली नाही. तिचं 'आहे'ला 'शे' आणि 'सगळा'ला 'बठ्ठा' ऐकून आमच्या बायका आधी तोंडाला पदर लावायच्या, पुढे त्याच तसं बोलायला लागल्या. नवरा उखर्डू माझा शाळेपासूनचा दोस्त. स्वभावाने गरीब, बोलायला मोठा गमत्या. विहिरीच्या कामावर पडला आणि मणक्याने अधू झाला. त्याला औत धरवेना, तेव्हा पुष्पाबाईने औत हातात घेतलं आणि उखर्डूने चूल. लोक हसले. उखर्डू म्हणाला, "हसा बापहो, पण जेवायला या. भरीत मी तिच्यापेक्षा चांगलं करतो." ते खरंही होतं.

तिची बैलजोडी म्हणजे हिऱ्या आणि पाखऱ्या. नवी केळी गुडघ्याएवढी असते तेव्हा ओळींमधून गवत काढायला वखर फिरवावं लागतं. ट्रॅक्टर घातला तर पानं फाटतात आणि ठिबकच्या नळ्या तुटतात. शहाणा बैल मात्र नळीला खूर न लावता जातो. हिऱ्या तसा होता. डाव्या हातात कासरा आणि उजव्या हाताने रुमणं, म्हणजे वखराची मूठ, दाबून धरलेलं, अशी ती बाई सकाळपासून ऊन तापेपर्यंत वखराच्या मागे चालायची. उजव्या हाताचा जोर कमी पडला की वखर वर उचललं जातं आणि नुसतं गवत कुरवाळत जातं. तिचं वखर कधी उचललं गेलं नाही. पाच गावांतले केळीवाले तिची वाट पाहायचे. त्या घरातली भाकरी त्या हातावर होती, हे ध्यानात ठेवा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळ्याच्या आधी आमच्या शिवारातून एक मोठी पाइपलाइन चालली होती. खंदक खणलेला, बाजूला माणूस रांगत जाईल एवढे पाइप, वेल्डिंगची झगमग. वेल्डिंग केलेल्या जोडाचे ती माणसं फोटो काढायची. लोखंडाच्या आतला फोटो, डॉक्टर हाडाचा काढतो तसा. त्यासाठी त्यांच्याकडे जड पेट्या होत्या आणि त्या पेट्यांत काय असतं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

पोळ्याच्या दोन दिवस आधी पुष्पाबाई बांधावरून चाऱ्याचा भारा घेऊन येत होती. खंदकाजवळ दम खायला तिने भारा खाली ठेवला. पायाशी काहीतरी चमकलं. वीतभर लांबीची पिळाची तार, सायकलच्या ब्रेकला असते तशी, आणि तिच्या टोकाला शेंगदाण्याएवढा गुळगुळीत पोलादी मणी. हिऱ्याच्या घंटेचा लोलक आषाढातच तुटून पडला होता. पोळ्याला हिऱ्या मुका फिरणार याची तिला खंत होती. तिने तो तुकडा उचलला, घरी आणला, ओट्यावर बसून तारेने घंटेच्या आत बांधला. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, घंटा हिऱ्याच्या गळ्यात गेली. आवाज असा खणखणीत की उखर्डू म्हणाला, "देवळातली आणली का काय?"

पोळा झाला. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी ती हिऱ्याला घेऊन दवाखान्यात आली. त्या दिवसांत आमच्याकडे रांगच असते. पावसाळाभर जू ओढून बैलांचे खांदे सोलवटतात, सुजतात, त्याला आम्ही 'खांदा आला' म्हणतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तूप लावून खांदे मळायचा रिवाज त्यासाठीच आहे. मी खुर्चीवर होतो. "मानेला सूज शे, केस झडी ऱ्हायनात," ती म्हणाली. मी बसल्या जागेवरून बघितलं. "खांदा आलाय. मलम लाव, आठ दिवस जुंपू नको," म्हणालो आणि पुढच्याला हाक मारली.

चार दिवसांनी ती परत आली. मी दुसरं मलम दिलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा दवाखान्यात वीस माणसं होती आणि माझं डोकं फिरलेलं होतं.

ती म्हणाली, "सुकदेवभाऊ, जू गयाखाल बसस का?"

म्हणजे जू गळ्याखाली बसतं का. मला सगळ्यांसमोर राग आला. "वहिनी, दवाखाना मी चालवतो का तू? तीस वर्षं खांदेच बघतोय."

ती रागावली नाही, रडलीही नाही. रांगेतल्या माणसांना बाजूला करून माझ्या टेबलाशी आली आणि पदराखालचा उजवा हात टेबलावर ठेवला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सुजून टरारलं होतं. कातडी जांभळट, अंगठ्यावर पाण्याने भरलेला फोड, मधल्या बोटाची एक बाजू लाल.

"हाई दख. मना हातवर कोनतं जू ठेयेल व्हतं?"

तेव्हा मी उठलो. बाहेर जाऊन हिऱ्याच्या पुढे गुडघ्यावर बसलो आणि वर पाहिलं. त्याचा खांदा धड होता. घाव खाली होता, जिथे घंटा लोंबत होती बरोबर तिथे, गळ्याच्या लोंबत्या कातडीत. ओंजळभर जागा केस जाऊन काळी पडली होती आणि मधून पाणी येत होतं. बैलाने तोंड खाली करून माझं डोकं हुंगलं. मला माझी लाज वाटली, आजही वाटते.

पुष्पाबाईने तिथेच हिशेब लावला. बैलाला आणि तिला, दोघांना लागलेली वस्तू एकच. तिला वाटलं मण्याला काही तेजाब लागलेलं असेल. तिने घंटेच्या दोरीची गाठ काठीने सोडवली, घंटा काठीला अडकवून शेताच्या कोपऱ्यात नेली आणि दगडांच्या ढिगाखाली घातली. लिंबाच्या झाडाला लाल चिंधी बांधून आली, कोणी तिकडे फिरकू नये म्हणून. एवढी अक्कल मला सुचली नसती, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला बसने जळगावला नेलं. तिथे हितेंद्र नावाचा चामडीचा डॉक्टर आहे. पोरसवदा, पण ऐकून घेणारा. त्याने विचारलं, हात भाजला होता का. नाही. उचलताना गरम लागलं होतं का. नाही, गार होतं. मग दुखायला कधी लागलं? पोळ्यानंतर आठ-नऊ दिवसांनी. डॉक्टरने हात पुन्हा उलटसुलट करून पाहिला. मग त्याने विचारलं, "तुमच्या गावाजवळ लोखंडाचे फोटो काढणारं काम चालू आहे का?"

मी हो म्हणालो. त्याने आमच्यासमोरच दोन-तीन ठिकाणी फोन लावले.

तिसऱ्या दिवशी मुंबईहून सरकारी माणसं आली. त्यांच्या प्रमुख सुनिता मॅडम, बुटक्या, शांत, पायात कॅनव्हासचे बूट. हातातलं यंत्र घेऊन त्या लाल चिंधीच्या दिशेने चालायला लागल्या आणि शेत अर्धं व्हायच्या आतच थांबल्या. सगळ्यांना मागे पाठवलं. पुरुषभर लांब चिमट्याने तो मणी काढला आणि जाड शिशाच्या भांड्यात बंद केला. घंटेत आपटून आपटून मण्यावरचा नंबर घासून गेला होता. पाइपलाइनवाले म्हणाले, आमच्या पेट्या पूर्ण आहेत, हा तुकडा आमचा नाही.

मॅडम ओट्यावर बसून उखर्डूच्या हातचा चहा पीत आम्हाला समजावत होत्या. या मण्यातून किरण निघतात. दिसत नाहीत, वास नाही, चटका नाही. शरीराला लागतात तेव्हा कळतच नाही. आतली नवी कातडी तयार करणारी मुळं तेवढी मरतात. जुनी कातडी वर असते तोवर सगळं ठीक दिसतं, ती झडली की खालून नवी येत नाही. "तुमच्याकडे केळीचा कंद सडला तरी पानं पंधरा दिवस हिरवी असतात ना, तसं," त्या म्हणाल्या. हे मात्र आम्हाला लगेच कळलं. तुकडा जुना, जोर संपत आलेला होता. ताजा असता तर अख्खं घर गेलं असतं, असंही त्यांनी सांगितलं. उखर्डूने हातातली कपबशी खाली ठेवली.

आम्हा सगळ्यांचं रक्त तपासलं. माझं आणि उखर्डूचं बरं निघालं. पुष्पाबाईच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या, त्या भरून येतील म्हणाले. डोळे मात्र वर्षातून एकदा तपासायचे, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. आणि गावात दुसरंच सुरू झालं. पुष्पाबाईला हात लावला तर आपल्यालाही होईल, तिच्या घरचं पाणी पिऊ नका. सुनिता मॅडमनी चावडीवर सांगितलं की ऊन लागलेल्या माणसाला शिवून ऊन लागत नाही, तसंच हे. अर्ध्यांना पटलं. उरलेल्यांना मी माझ्या भाषेत पटवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हिऱ्या त्या आठवड्यात गेला. घाव आतपर्यंत उतरला होता, त्याला गिळवेना. पुष्पाबाई तेव्हा जळगावच्या दवाखान्यात भरती होती. मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मीच बांधी व्हती भाऊ ती घंटा." तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

आता खरा प्रश्न हाताचा होता. हात कापायचा की ठेवायचा हे मुंबईचे सर्जन ठरवणार होते, आणि त्यांनी हितेंद्रमार्फत निरोप दिला की सोमवारपर्यंत ठरवायला हवं. अंगठा आणि बोट जाणारच होतं. प्रश्न होता तळहाताचा. पुष्पाबाईने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "मुठमा धरी लयनू," मुठीत धरून आणलं. खंदकापासून घर वीस मिनिटं. वीस मिनिटं मणी मुठीत असेल तर तळहात आतून मेलेला आहे, तो आज धड दिसला तरी महिन्या-दोन महिन्यांत सडत जाईल, मग विष वर चढेल. त्यापेक्षा आत्ताच मनगटापासून काढलेला बरा. तळहात खरोखर धड दिसत होता, नुसता थोडा लाल. पण धड दिसण्याला आता कोणी किंमत देत नव्हतं.

शुक्रवारी पाइपलाइनच्या ठेकेदाराचा माणूस जळगावच्या दवाखान्यात तिच्या पलंगाशी आला. नाव नीलेश, कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं मऊ. त्याने टाइप केलेला कागद आणला होता. घंटा लोलकासकट बाजारातून विकत घेतली, तुकडा खंदकाजवळ सापडला नाही, असं त्यात होतं. सही केली तर दवाखान्याचा सगळा खर्च ते माणुसकीच्या नात्याने करणार. "नाहीतर बघा काकू," तो म्हणाला, "साइटवरची वस्तू उचलली म्हणजे चोरीच होते ना. पोलीस, कोर्ट, तुम्हाला कशाला त्रास."

उखर्डू घाबरला. तो म्हणाला, "कर ना सही. हात तर असाही जातोय." मी नीलेशला दाराबाहेर काढायच्या तयारीत होतो, पण पुष्पाबाईने मला डोळ्यांनी बसवलं. तिने कागद मला वाचायला लावला. दोनदा. मग विचारलं, हा कागद खरा धरला तर मी तो मणी हातात किती वेळ धरला म्हणून डॉक्टर लिहितील? मी म्हणालो, धरलाच नाही असं होईल. आयती घंटा विकत घेतली म्हणजे बांधायचाही प्रश्न नाही.

"मंग डॉक्टर हात कशावरथीन ठरावतीन?" असं म्हणून ती नीलेशकडे वळली. आवाज चढला नाही. "चोर म्हना तं म्हना. पोलीसले बलावा. माले मना हात जोयजे. जे व्हयनं ते खरं लिखाई जोयजे."

हात पाहिजे, आणि झालं ते खरं लिहिलं गेलं पाहिजे, एवढंच तिचं. नीलेश कागद घेऊन गेला. ती पलंगावर बसून बराच वेळ डाव्या हाताने उजव्या हाताचं बँडेज चाचपत होती. मग म्हणाली, मुठीत आणलं असं मी बोलून गेले, पण मला ते तसं दिसत नाही. डोळ्यांसमोर वाट दिसते, भारा दिसतो, हात दिसत नाही. तोंडाने सांगता येणार नाही. "करी दाखाडसू."

हितेंद्रने सुनिता मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, हेच आम्ही करतो, घडलं तसं पुन्हा करून बघतो. फक्त बाईंचा हात चालणार नाही, तिच्या जागी कोणीतरी हवं. पुष्पाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी साठीचा, पाच फूट नऊ इंच, डोक्यावर टोपी. "तू," ती म्हणाली. "तू वाकना नही ना तेव्हा? आते वाक."

शनिवारी सकाळी आम्ही जळगावहून गावी आलो. सुनिता मॅडमनी ब्रेकची तार कापून, टोकाला तेवढ्याच आकाराची गोळी लावून खोटा तुकडा बनवला होता. हातात घड्याळ, वही, दोन माणसं मोजपट्टी घेऊन. मी सांगतो, गावातलं कुत्रंसुद्धा त्या दिवशी बघायला आलं होतं. आधी भारा बांधायचा. मी बांधला. पुष्पाबाई म्हणाली, माझा भारा एवढा लहान नसतो. परत बांधला. डोक्यावर घेऊन बांधावरून निघालो. गवताची कुसं मानेत, घाम डोळ्यांत, आणि मागून तिचा आवाज, "कंबर हालू दे थोडी, भाऊ, नही तं भारा पडी." बायका पदरात हसत होत्या. मी कोणाला काही बोललो नाही. बोलण्याची माझी लायकीच नव्हती.

खंदकापाशी तिने मला थांबवलं. भारा खाली. विळा कोणत्या हातात? तिने विचार केला. डाव्या. मी डाव्या हातात विळा घेतला. वाकलो, तुकडा उचलला, ती म्हणाली होती तसा उजव्या मुठीत धरला. आता भारा परत डोक्यावर घ्यायचा. डाव्या हातात विळा, म्हणून जोर उजव्याने लावायचा. भाऱ्याची दोरी पकडायला गेलो तर मुठीतली तार बोचायला लागली, दोरी धरवेना. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा मी काही विचार न करता तार अंगठ्याशेजारच्या बोटाला गुंडाळली, मणी बाहेर लोंबता सोडला, मोकळ्या तळहाताने दोरी पकडली आणि भारा उचलला.

"थांब," पुष्पाबाई म्हणाली.

मी तसाच उभा राहिलो, भारा डोक्यावर, हात वर. ती माझ्यासमोर आली. माझ्या हाताकडे बघत राहिली. "आसंच व्हतं," ती म्हणाली. "आसंच. मणी अंगठाले लागे, टकटक. घर येवापावत लागे." मग तिने मॅडमकडे वळून सांगितलं की मुठीत ठेवलाच नव्हता, मुठीत दोरी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ती पुढचं सांगत राहिली. मणी अंगठ्याच्या कोणत्या पेरावर आपटायचा, तार बोटाला किती वेढे होती.

मॅडमच्या माणसांनी माझ्या हाताची मापं घेतली. मण्यापासून अंगठा, मण्यापासून तळहाताचा मध्य, करंगळी. मला तसाच घरापर्यंत चालवला. मग ओट्यावर बसून मी घंटा बांधली, तिने सांगितलं तशी. मणी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत, मधल्या बोटाचा आधार, तळहात लांब. माझी बोटं जाडी, तार सटकायची, ती म्हणायची, मला इतका वेळ लागला नव्हता. दुसऱ्यांदा केलं. तेवीस मिनिटं. मॅडमनी उखर्डूला वेगळं बसवून विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी बाराला थ्री फेजची लाइट आली, तिने मोटार लावली आणि घंटा घेऊन बसली. मी वरणाची डाळ शिजवून उतरवली तेव्हा ती उठली. किती शिट्ट्या? पाच. मॅडमनी पाच शिट्ट्यांचंही लिहून घेतलं. डाळीचा वेळ आणि माझा वेळ जवळपास सारखा आला.

रविवारी त्यांची आकडेमोड झाली. इतक्या लहान वस्तूपासून दोन बोटं लांब गेलं तरी मार एकदम कमी होतो, हे मला त्यांनी वहीवर काढून दाखवलं. तळहाताला लागलं होतं, पण मरण्याइतकं नाही. हितेंद्रने मुंबईला बोलून निरोप आणला. मनगट कापायचं नाही. अंगठा अर्धा आणि शेजारचं बोट जाईल, मधल्या बोटावर मांडीची कातडी लावतील, बाकी हात राहील.

उखर्डूने निरोप दोनदा वदवून घेतला. पुष्पाबाई म्हणाली, "तीन बोटं अन् अर्धा अंगठा. रुमनं धराई जाई."

मुंबईला दोन ऑपरेशनं झाली. दुखणं फार होतं. रात्री-दिवसा गोळी घेऊनही बसवत नव्हतं असं तिनेच पुढे सांगितलं. त्या वेळी फोनवर मात्र विचारायची पाखऱ्याला चारा घातला का. चौकशीत निघालं की जुनी पेटी हलवताना तिचं कुलूप नीट नव्हतं आणि तुकडा हरवल्याचं कळूनही कोणी वर कळवलं नव्हतं. चोरीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. दवाखान्याचा खर्च ठेकेदाराला करावा लागला, माणुसकीच्या नात्याने नव्हे. नीलेशची बदली झाली म्हणे. मला त्याच्यात रस नाही.

हिवाळा ती घरी बसून होती. मग एक दिवस सकाळी मी तिला मोकळ्या शेतात पाखऱ्याबरोबर शेजाऱ्याचा बैल जुंपून वखर धरताना पाहिलं. अर्ध्या अंगठ्याने रुमणं निसटायचं. वखर उचललं जायचं, ती थांबायची, परत दाबायची. चार दिवस तसंच. पाचव्या दिवशी तिने रुमण्याला सुती दोरीचे वेढे दिले, अंगठ्याच्या खुंटाला टेकू मिळेल एवढे जाड. त्यानंतर वखर खाली राहिलं. उन्हाळ्यात तिने नवा बैल आणला. फाल्गुनात घ्यायला हवा होता, उशीर झाला म्हणून कुरकुरत होती.

मी त्याच वर्षी निवृत्त झालो. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिने मला खांदेमळणीला बोलावलं. अंगणात दोन्ही बैल, उखर्डूने गरम पाण्याचं घंगाळं आणून ठेवलेलं, परातीत हळद आणि तूप. तिने तीन बोटांनी आणि अर्ध्या अंगठ्याने हळद-तूप घेतलं आणि नव्या बैलाच्या खांद्यावर चोळायला लागली, हळूहळू, गोल गोल. बैलाने डोळे मिटले. हिऱ्याची घंटा खुंटीवर होती. ती परत मिळाली होती, तिच्यात आता बाभळीच्या लाकडाचा लोलक होता.

खांदा मळून झाला तरी तिने मला घंटा उचलू दिली नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "खाल वाकी दख."

मी वाकलो. गुडघे कुरकुरले, टोपी पडली. हाताने गळ्याखालची कातडी चाचपली, केस पालथे करून बघितले, वरून खालपर्यंत. ती उभी राहून माझ्याकडेच बघत होती. "ठीक शे," मी म्हणालो. मग पाखऱ्याच्या खाली वाकलो.